बारा इंची थिकनेसर कोकणात: स्वतःचा घ्यावा की वखारीतूनच रंधून आणावं?

महिन्याला पंधरा-वीस घनफूट लाकूड रंधत असाल, ते लाकूड नीट वाळलेलं असेल आणि वर्कशॉपात २३० च्या आसपास व्होल्टेज टिकत असेल, तर बारा इंची पोर्टेबल थिकनेसर जरूर घ्या. यातली एक जरी अट सुटत असेल, तर अजून वर्षभर वखारीतच टेम्पो पाठवा. कुडाळ-कणकवलीपासून चिपळूणपर्यंतच्या सुतारकामाला लागू पडेल असं आमचं मत थोडक्यात हे. आता त्यामागची कारणं.

आधी मशीन नेमकं काय करतं ते पाहू, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी तिथूनच निघतात. थिकनेसर फळीची वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो. एवढंच. खालची बाजू सरळ असेल तर वरची सरळ होते, खालची पिळलेली असेल तर वरचीही तशीच पिळलेली निघते, फक्त गुळगुळीत होऊन. आतले दोन रोलर फळीला टेबलावर दाबून धरतात. त्या दाबाखाली बाकलेली फळी तेवढ्यापुरती सपाट होते, पात्याखालून जाते आणि बाहेर पडली की पुन्हा पहिला बाक धरते. फळीची पहिली बाजू सरळ-सपाट करून देणारं जे मशीन, ज्याला आपण ‘सरफेस’ म्हणतो, त्याचं काम हे करत नाही. वखारीत दोन्ही मशिनं शेजारी असतात, म्हणून तिथून येणारी फळी सरळ असते. घरी एकटा थिकनेसर आणला की हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

सरफेस घ्यायचा नसेल तर पाट बनवा, म्हणजे फळीखाली ठेवून तिच्यासोबत मशीनमधून जाणारा सपाट तळ. १८ मिलिमीटर मरीन प्लायचा साडेअकरा इंच रुंद तुकडा, फळीपेक्षा सहा इंच लांब. आधी आत शिरणाऱ्या टोकाला, म्हणजे पुढे, एक बारीक रीप ठोकायची, म्हणजे रोलर ओढताना पाट फळीला सोडून मागे राहत नाही. रिपेची उंची फळीच्या होणाऱ्या जाडीपेक्षा बरीच कमी हवी आणि खिळे पात्याच्या वाटेत येता कामा नयेत, ते खालून मारा. फळी पाटावर खोलगट बाजू खाली करून ठेवा. समोरासमोरचे दोन कोपरे दाबून पाहा, डुगडुगेल. जे दोन कोपरे अधांतरी असतील त्यांच्याखाली पाचर सरकवा, पण ठोकू नका; ठोकली तर दुसरा कोपरा उचलतो. डुगडुग थांबली की पाचर गरम गोंदाने पाटाला चिकटवा आणि मधे जिथे पोकळी दिसते तिथेही एक-दोन पाचरी द्या, नाहीतर रोलरच्या दाबाने फळी मधे लवते. वरच्या बाजूवर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा ओढा. अर्धा-पाऊण मिलिमीटर घेत फळी फिरवत राहा. शेवटची रेघ पुसली गेली की ती बाजू सरळ झाली. मग पाट बाजूला ठेवून फळी उलटवायची आणि नेहमीसारखं रंधायचं.

हा पाट छान काम देतो, पण वेळ खातो आणि लाकूडही खातो. सहा फुटी फळीला दोन सूत (पाव इंच) पीळ असेल तर एका बाजूने दोन सूत जातात, मग दुसरी बाजू समांतर करायला पुन्हा तेवढेच. सव्वा इंची फळीतून पाऊण इंची माल हाती येतो. म्हणून लांबीचे तुकडे आधी कापून घ्यावेत. सहा फुटी पिळलेली फळी तीन-तीन फुटांची केली की प्रत्येक तुकड्यात पीळ निम्माच उरतो आणि पाऊणऐवजी इंचभर जाडी हाती येते. चौकटीचे सात फुटी उभे करायचे असतील तर मात्र सरफेसला पर्याय नाही, ते वखारीतूनच करून आणावेत.

आता आकडे. या वर्गातलं सर्वांत ओळखीचं मशीन म्हणजे मकिताचा २०१२एनबी. रुंदी ३०४ मिलिमीटर, जाडी कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५५ मिलिमीटर, मोटर १६५० वॅट, पात्यांचा वेग मिनिटाला ८५०० फेरे, फळी ओढण्याचा वेग मिनिटाला साडेआठ मीटर, वजन सत्तावीस-अठ्ठावीस किलो. दोन पाती आहेत, म्हणजे दर मिनिटाला १७ हजार काप. साडेआठ मीटरवर ते वाटले तर अर्ध्या मिलिमीटरला एक काप पडतो. अशा पृष्ठभागाला १२० नंबरचा पेपर पुरतो, हातरंध्याची गरज बहुधा पडत नाही.

रुंदीच्या त्या आकड्याकडे नीट बघा. बारा इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. बसायच्या पाटासाठी किंवा चौरंगासाठी फणसाची बरोबर बारा इंची फळी कापून आणली तर ती आत जात नाही, आणि पावसाळ्यात फुगली असेल तर बाजूला घासून अडकते. पावणेबारा इंचांवर कापून मगच लावावी. एका वेळी किती खायचं यालाही मर्यादा आहे: दीडशे मिलिमीटरपर्यंतच्या फळीला ३, दोनशे चाळीसपर्यंत दीड, आणि त्यापुढे पूर्ण रुंदीला फक्त १ मिलिमीटर. हे कंपनीचे कमाल आकडे आहेत. ऐन, किंजळ किंवा जुना साग असेल तर त्याच्या निम्म्यावर राहिलेलं बरं.

वेळेचा हिशेब असा. सहा इंच रुंद, इंचभर जाड, सहा फुटी फळी म्हणजे पाव घनफूट. वीस फळ्यांचे पाच घनफूट. ३२ मिलिमीटरवरून २५ वर यायला एकेक मिलिमीटर घेत सात फेऱ्या. सहा फुटांना एका फेरीला तेरा सेकंद. वीस फळ्या, सात फेऱ्या, म्हणजे मशीन खरं चालतं अर्धा तास. वीज एक युनिटही जळत नाही. पण फळी उचलणं, फिरवून आणणं, छिलके काढणं धरलं तर एका माणसाचे दोन तास जातात, मदतनीस असेल तर सव्वा. खर्च विजेचा नाही, हातांचा आहे, हे दर ठरवताना लक्षात असू द्या.

कोकणातलं लाकूड या मशीनवर कसं वागतं, हे कंपनीच्या पुस्तकात मिळत नाही. शिवण सर्वांत गुणी. हलकी, फारशी न फिरणारी, पहिल्याच फेरीत चकचकीत निघते. साग दिसायला सोपा वाटतो, पण त्यात वाळूसारखा सिलिका असतो आणि तो पात्यांची धार हळूहळू मारतो. सागाचा बारीक धुरळा अंगाला खाजही आणतो, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. फणसाची अडचण वेगळी: रेषा उलटसुलट. एका पट्ट्यात रेषा पुढे जाते, शेजारच्या पट्ट्यात मागे, त्यामुळे फळी कुठूनही घातली तरी कुठेतरी लाकूड उचकटतंच. यावर उपाय चारच: पाती नवी धारेची, काप पाव मिलिमीटरचा, फळी किंचित तिरकी घालायची, आणि शेवटच्या फेरीआधी पृष्ठभागावरून ओलसर फडकं फिरवायचं. फडकं ओलसर म्हणजे घट्ट पिळलेलं. पाणी दिसलं तर जास्त झालं. शिवाय फणसाचा वाळलेला चीक रोलरवर तपकिरी थर धरतो. रोलर घसरायला लागले, फळी मधेच थांबून जळका डाग पडला, की रबर झिजलं असं समजून दुकानात धावू नका. प्लग काढा, टर्पेंटाईनमध्ये किंचित बुडवलेल्या फडक्याने रोलर पुसा, लगेच कोरड्या फडक्याने. बहुतेक वेळा तेवढंच लागतं.

ऐन आणि किंजळ जड आणि कठीण. यांच्या रुंद फळीला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त काप नको. माडाच्या लाकडाचा मोह अनेकांना होतो, दिसतंही देखणं, पण त्याचे गडद तंतू साध्या स्टीलच्या पात्याला काही फळ्यांतच बोथट करतात. माडाचं काम नियमित असेल तर कार्बाइडच्या चौकोनी टिकल्या बसवलेला स्पायरल कटर घ्यावा. टिकली बोथट झाली की पाव फेरा फिरवायची, चार धारा मिळतात. फणसाची उचकटही त्याने बरीच कमी होते. महाग आहे, पण या दोन लाकडांवर पोट असलेल्याने पैसे तिथेच घालावेत.

जुन्या कौलारू घराचे वासे, पाटया, तुळया हा सगळ्यात चांगला वाळलेला माल आणि सगळ्यात धोक्याचाही. आत मोडलेले खिळे असतात, भेगांत जांभ्याची माती आणि चुना अडकलेला असतो. खिळा चुंबकाने सापडतो, माती सापडत नाही, आणि पात्याची धार मातीच जास्त घालवते. तारेच्या ब्रशने भेगा घासून काढा, दोन्ही टोकं अर्धा इंच कापून टाका, आणि पहिली साल हातातल्या इलेक्ट्रिक रंध्याने काढा. त्याची पाती छोटी आणि स्वस्त असतात.

पात्याला खोच पडली की फळीवर लांबच लांब एक बारीक उठावाची रेघ येते. ज्या मशीनमध्ये पातं आडवं सरकवायला जागा असते त्यात दोनपैकी एक पातं मिलिमीटरभर सरकवलं की एकाची खोच दुसरं भरून काढतं आणि रेघ जाते. धार गेल्याची खूण आवाजात कळते: नेहमीचा सळसळता आवाज जाऊन ठोकल्यासारखा येतो, छिलक्यांऐवजी पीठ पडायला लागतं. पोर्टेबल मशीनची पाती दोन धारांची आणि वापरून टाकायची असतात. म्हणून मशीन घेतानाच दोन जोड जादा घ्या. तालुक्याच्या गावात ती पाती हमखास मिळतील असं धरून चालू नका.

आता मुख्य गोष्ट, ओल. लाकूड हवेतल्या दमटपणाशी जुळवून घेत राहतं. जुलै-ऑगस्टात किनाऱ्यावर हवेतला दमटपणा ८५ ते ९० टक्के असतो, तेव्हा उघड्या पडवीत ठेवलेलं लाकूड १७ ते २० टक्के ओलीवर स्थिरावतं. हवा ६५ टक्क्यांवर उतरली की तेच लाकूड १२ टक्क्यांपर्यंत येतं. सागाची बारा इंची आडव्या कापाची (वलयांना समांतर कापलेली) फळी १८ वरून १२ वर आली की साडेतीन-चार मिलिमीटर आकसते, म्हणजे सूतभर. श्रावणात रंधून घट्ट बसवलेलं दाराचं पॅनल फाल्गुनात खाचेत खुळखुळतं ते यामुळे. यात मशीनचा दोष नाही, पण मशीन घरात आलं की पावसाळ्यातही रंधण्याचा मोह होतो, आणि तिथेच पैसे जातात.

ओलं लाकूड रंधलं तर वर लव उभी राहते, छिलके पात्याच्या खोबणीत आणि पाइपात चिकटून तुंबतात, आणि आठवड्याभरात फळी पन्हळीसारखी वळते. सुईचं ओलमापक घ्या, त्याशिवाय थिकनेसर घेणं व्यर्थ आहे. घरातल्या कामाला १२ ते १४ टक्के चालतं, १६ च्या वर असेल तर थांबा. मापताना टोकाला नाही, फळीच्या मधे सुया रोवा, आणि एक तुकडा कापून आतला आकडाही बघा. कडेला १३ आणि गाभ्यात १९ असं नेहमी सापडतं. थप्पी लावताना फळ्यांमध्ये इंचाच्या रिपा, दीड-दोन फुटांवर, सगळ्या एकाखाली एक. टोकांना ऑइलपेंट. इंचभर जाडीला साधारण वर्षभर हवेवर, हा जुना हिशेब अजूनही खरा आहे. घाईचं काम असेल तर दोन टप्पे करा: पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी सारखं काढून जाडी हवी त्यापेक्षा दीड सूत जास्त ठेवा, रिपा घालून आठ-दहा दिवस थप्पी मारा, मग शेवटचं रंधा. एकाच बाजूने सगळी जाडी काढली तर आतला ताण सुटतो आणि वाळलेली फळीसुद्धा बाक धरते.

टोकाची खाच हा थिकनेसरचा जुना दुर्गुण. फळीच्या दोन्ही टोकांना दोन-अडीच इंचांचा पट्टा जरा खोल खाल्ला जातो. आत शिरताना आणि बाहेर पडताना फळी एकाच रोलरखाली असते, बाहेरचं टोक स्वतःच्या वजनाने खाली जातं आणि आतलं टोक पात्याकडे उचललं जातं. दोन्ही बाजूंना आधाराचे स्टँड लावा, बाहेरच्या कडा मधल्या टेबलापेक्षा मिलिमीटरभर वर ठेवा, फळी घालताना मागचं टोक थोडं उचलून धरा आणि काढताना पुढचं. फळ्या एकामागे एक चिकटवून घातल्या तर खाच फक्त पहिलीच्या सुरुवातीला आणि शेवटचीच्या टोकाला पडते, तिथे टाकाऊ तुकडा घाला. तरीही तीन-तीन इंच जादा लांबी धरूनच माल कापावा.

फूटभरापेक्षा लहान तुकडा मशीनमध्ये घालू नका. तो दोन रोलरच्या मधे सुटतो, आडवा होतो, आणि पाती त्याला परत घालणाऱ्याच्या पोटावर फेकतात. अडकलेला तुकडा काढायला आत हात घालण्यापूर्वी प्लग हातात दिसला पाहिजे. हातमोजे घालून रंधू नये, रोलर मोज्यासकट हात ओढतो. कानाला मफ हवेतच. वाडीत घरं जवळजवळ असतील तर शेजाऱ्यांना विचारून वेळ ठरवा, ही मोटर मिक्सरच्या जातीची आहे, तिचा आवाज दोन खळी (अंगणं) ओलांडून जातो.

विजेबद्दल दोन गोष्टी. पोर्टेबल मशीन सिंगल फेजवर चालतं, साधारण सात-आठ अँपिअर ओढतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. १६ अँपिअरचा पॉइंट, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, आणि शक्यतो एक्स्टेन्शन नको. रोल करून ठेवलेल्या बारीक वायरवर चालवलं तर वायर तापते, वेग पडतो, काप खडबडीत येतो, आणि दोष मात्र पात्यांना दिला जातो. संध्याकाळी व्होल्टेज २०० च्या खाली जात असेल तर सकाळी रंधा. पंजाब-गुजरातेत बनणारी बिडाची ‘सरफेस कम थिकनेस’ मशिनं थ्री फेज मोटरवर चालतात. तिथे धोका वेगळा: वादळवाऱ्यात एक फेज गेली आणि मोटर दोन फेजवर गुरगुरत राहिली की मिनिटांत वाइंडिंग जळतं. एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवल्याशिवाय ते मशीन सुरूच करू नये.

बिडाचं मशीन कामाला सरस आहे यात वाद नाही. सरफेस त्यातच, पाती धार लावून पुन्हा वापरता येतात, खाच कमी पडते, आवाज दबका. पण त्याला कोब्याचा पक्का पाया हवा, आणि वर्कशॉप जर पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून गेल्यावर असेल तर ते तिथवर पोहोचणारच नाही. अठ्ठावीस किलोंचं मशीन दोन माणसं उचलून नेतात. आणखी एक कारण चिपळूण-महाडच्या लोकांना सांगायला नको. २०२१ च्या जुलैत बाजारपेठांत पाणी भरलं तेव्हा जे माळ्यावर चढवता आलं तेच वाचलं. नदीकाठच्या सखल वर्कशॉपला आम्ही पोर्टेबलच सुचवू.

खारी हवा टेबलाला चार दिवसांत तांबूस करते. गंज आला की फळी सरकत नाही आणि सागावर काळे डाग उतरतात. खोबरेल लावू नका, खवट होतं आणि भुसा धरून बसतं. सिलिकॉनचा स्प्रेही नको, लाकडाला लागला तर पॉलिश डोळे टाकतं, म्हणजे त्यात बारीक गोल खड्डे पडतात. पांढरं मेण टर्पेंटाईनमध्ये विरघळवून पातळ हात मारा, वाळलं की पुसून घ्या. पावसाळ्यात दर आठवड्याला. छिलक्यांसाठी चार इंची पाइप आणि कलेक्टर लावला तर उत्तम, नाहीतर पाच घनफुटांच्या कामात गोणीमागून गोणी भरत जाते.

घ्यायचा की नाही याचा हिशेब सोपा आहे. मशीनची किंमत साठ महिन्यांत वाटा, त्यात महिन्याच्या पात्यांचा खर्च आणि रंधणाऱ्या माणसाची हजेरी मिळवा. दुसऱ्या बाजूला वखारीचा फुटामागचा दर, टेम्पोचं जाणं-येणं आणि नंबर लागेपर्यंत बुडलेले दिवस. दरापेक्षा शेवटचा आकडा बहुतेकांच्या बाबतीत मोठा निघतो. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस वखारीत पाय ठेवायला जागा नसते, चौरंग, पाट, माटवी (गणपतीवर टांगायची लाकडी चौकट), देव्हारे सगळं एकदमच हवं असतं. लहान मालाचं काम करणाऱ्याला मशीन तिथे पैसे मिळवून देतं. फक्त दारं-चौकटी करणाऱ्याला मात्र वखार परवडते. वर्षातून दोन-तीन कामं करणाऱ्या हौशी माणसाने चांगला हातरंधा आणि ओलमापक घ्यावं.

दुकानातून किंवा कुणाकडून जुनं मशीन उचलण्याआधी एक चाचणी नक्की करा. एकाच जाडीच्या दोन इंची दोन रिपा सोबत न्या. एक टेबलाच्या डाव्या कडेला, दुसरी उजव्या कडेला, एकाच वेळी घाला. बाहेर आल्यावर व्हर्नियरने दोन्ही मापा. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. त्यापेक्षा जास्त असेल तर हेड तिरकं आहे किंवा पातं नीट बसलेलं नाही. दुकानदाराला तिथेच सेट करायला लावा आणि पुन्हा मापा. जुन्यात हेड वर-खाली करून चारही खांबांवर खुळखुळ आहे का बघा, प्लग काढून रोलर नखाने दाबा, रबर दगडासारखं कडक किंवा चिकट झालं असेल तर नव्या रोलरचे पैसे किमतीतून वजा करून बोला.